इष्टदेवता ठरवताना कुलदैवत, पत्रिका आणि मनाची ओढ यांचा मेळ कसा घालायचा?

मधुमालती

रोजच्या ध्यानासाठी एकच रूप धरायचं ठरवलंय, पण कुठलं धरायचं इथेच घोडं अडलंय. कुलदेवता माहूरची रेणुका. घरात दर गुरुवारी दत्ताची आरती. पत्रिका पाहणाऱ्यांनी विष्णूची उपासना सांगितली. आणि डोळे मिटून बसलं की मन आपसूक जातं शंकराकडे. एकाला धरलं तर उरलेल्या तिघांचा अपमान होतो, असं घरच्यांचं म्हणणं.

प्रश्न नेमके विचारते. कुलदेवता असताना ध्यानाला दुसरं दैवत घेतलं तर चालतं का? पत्रिकेतून निघालेली देवता किती मनावर घ्यायची? 'ॐ नमः शिवाय' दीक्षेशिवाय जपावा का? आणि खरा त्रास पुढेच आहे: चित्र डोळ्यांपुढे टिकत नाही. चेहरा आणला की हात नाहीसे होतात, हातांकडे गेलं की चेहरा बदलतो. पहाटेचा अर्धा तास मिळतो. 'श्रद्धा असली की झालं' छापाची उत्तरं कृपया नकोत.

उपांशु

पहिल्या प्रश्नापुरतं. कुलदेवता जन्माने किंवा लग्नाने येते. ती आपण निवडत नाही, त्यामुळे तिला सोडण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. तिचं देणं ठरलेलं असतं: देवघरातल्या टाकाची पूजा, नवरात्रातला घट, घराण्यात असेल तर मंगलकार्यानंतरचा गोंधळ, जमेल तेव्हा मूळ ठाण्याचं दर्शन. एवढा कुळाचार सांभाळला की रेणुकेचं काही राहत नाही. ध्यानात कोणाला बसवायचं, हा विषय वेगळा. पतंजलींनी योगसूत्रांत चित्त स्थिर करायचे उपाय एकामागून एक सांगितले आणि शेवटी 'यथाभिमतध्यानाद्वा' (१.३९) म्हणून दार मोकळं ठेवलं: मनाला जे रुचेल त्याचं ध्यान. गीतेतही (७.२१) भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्याच रूपावर त्याची श्रद्धा मी अचल करतो, असं भगवंत म्हणतात. कुळाची अट दोन्हीकडे नाही.

घरच्यांना दाखला हवा असेल तर एकनाथांचा द्या. गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त, नाथांचा जीव मात्र पांडुरंगापाशी. तरी दत्ताची 'त्रिगुणात्मक त्रैमूर्ती' ही आरती नाथांचीच. एकाला धरलं म्हणून दुसरा दुखावला, असं तिथे कुठे दिसत नाही.

अपमानाची शंका पंचायतन पूजेने पूर्वीच सोडवून ठेवली आहे. विष्णू, शिव, देवी, गणपती आणि सूर्य पाचही तबकात असतात. जो आपला, तो मध्ये. बाकीचे चार कोपऱ्यांत. शिव मध्ये घेतला तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. विष्णू मध्ये आला की ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य, वायव्येला देवी. हे क्रम ठरलेले आहेत, मनाने फिरवू नयेत. म्हणजे तुमच्या शिवपंचायतनात पत्रिकेतला विष्णूही आला आणि देवीच्या जागी रेणुकाही आली. मूर्तीच हव्यात असंही नाही. विष्णूला शाळिग्राम आणि शिवाला नर्मदेतला बाण (गुळगुळीत लंबगोल दगड) ही परंपरेतलीच प्रतीकं. बाण शाळुंकेत (पिंडीच्या बैठकीत) ठेवणार असाल तर शाळुंकेचं तोंड उत्तरेला.

आता निवड. चारांत घोळत बसू नका, आधी दोनांवर या. समजा शिव आणि दत्त. एकेकाला सलग ४० दिवस द्या: तीच जागा, तीच वेळ, तेवढाच जप. आज हे, उद्या ते असं केलंत तर काहीच कळणार नाही, कारण नव्या रूपाची नवलाई पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच गोड लागते. पाहायचं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवलाई संपल्यावर. बसल्यावर मन किती वेळात नावावर येतं? दिवसभरात न ठरवता कुठलं नाव ओठांवर येतं? ठेच लागली, कोणी दचकवलं, तर तोंडातून कोणाचं नाव निघतं? शेवटची खूण सगळ्यांत खरी, कारण तिथे विचार करायला वेळच नसतो.

काय मोजायचं नाही, तेही सांगतो. स्वप्नं, अंगावरचा काटा, आणि मुख्य म्हणजे 'त्या काळात कामं झाली'. कामांवरून देव ठरवला की पुढचं काम अडल्यावर देव बदलतो. साडेसाती आहे म्हणून अमुक, लग्न जमत नाही म्हणून तमुक, या काम्य उपासना. करायच्या तर खुशाल करा, पण वेगळ्या, मुदत घालून. मुदत संपली की उद्यापन करून मोकळं व्हायचं. त्यातून इष्टदेवता काढू नये. भीतीपोटी धरलेलं रूप भीती ओसरली की सुटतंच.

शंकरावर मन बसलं तर ध्यानस्थ रूप घ्या किंवा दक्षिणामूर्ती, म्हणजे गुरूच्या रूपातला शांत शिव. भैरव किंवा तांडवाचं रूप एकट्याने, मार्गदर्शनाशिवाय रोजच्या ध्यानाला नको. नरसिंहाच्या बाबतीतही घरी लक्ष्मी-नृसिंह घेतात ते याचसाठी.

प्रत्याहार

वरच्या प्रतिसादाला +१. मी चित्र न टिकण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेकांचं ध्यान तिथेच फिसकटतं आणि दोष देवतेच्या निवडीला दिला जातो.

पहिलं कारण: डोळ्यांपुढे एक रूप आणि ओठांवर दुसरं. शंकराचा प्रसिद्ध ध्यानश्लोक घ्या, 'ध्यायेन्नित्यं महेशं रजतगिरिनिभं'. त्यातला शिव पाच मुखांचा, तीन नेत्रांचा, व्याघ्रचर्म नेसलेला, कमळावर बसलेला. चार हातांत परशू, मृग, वर आणि अभय. भिंतीवरचा शंकर एका मुखाचा, निळसर, शेजारी त्रिशूळ आणि डमरू. श्लोक म्हणत या चित्राचं ध्यान केलं तर हात जागेवर राहतील कसे? मन परशू आणायला जातं, तिथे त्रिशूळ सापडतो. गणपतीचंही तेच. अथर्वशीर्षात पाश, अंकुश, दात आणि वरद मुद्रा, आणि समोरच्या मूर्तीच्या हातात मोदक. तेव्हा एक तर चित्र धरा आणि श्लोक सोडा, नाहीतर श्लोक धरून त्याच्याशी जुळणारं चित्र शोधा.

दुसरं कारण: सगळं रूप एकदम आणायचा हट्ट. भागवताचा क्रम उलटा आहे. दुसऱ्या स्कंधात आणि तिसऱ्यातल्या कपिल-देवहूती संवादात (अध्याय २८) ध्यान पायांपासून सुरू होतं, एकेका अवयवावर स्थिरावत हसऱ्या मुखापर्यंत जातं. अकराव्या स्कंधाच्या चौदाव्या अध्यायात पुढची पायरी आहे: सबंध रूप झालं की बाकीचं सोडून फक्त सुहास्य मुख धरायचं, आणि तेही स्थिर झालं की मन तिथून काढून आकाशात ठेवायचं. मराठीतून वाचायचं तर एकनाथी भागवताचा चौदावा अध्याय उघडा.

करायचं असं. पहिले दोन आठवडे फक्त पाय. अंगठा, बोटं, नखं, घोटा. हातांची, चेहऱ्याची आठवणही काढायची नाही. पाय १०-१२ श्वास टिकले की गुडघ्यापर्यंतचं व्याघ्रचर्म. मग हात. चेहरा शेवटी. मध्येच पाय पुसट झाले तर परत खाली यायचं. यात मागे पडल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही, पद्धतच तशी आहे.

चित्र कसं असावं? पार्श्वभूमी साधी, मागे हिमालय, गंगा, नंदी, गण अशी गर्दी असली की मन तिकडे फिरायला जातं. चेहरा समोरून काढलेला, नजर तुमच्याकडे. दोन-तीन फुटांवर, तुमच्या डोळ्यांच्या पातळीत. आणि एकदा ठेवलेलं चित्र बदलायचं नाही. फोनच्या पडद्यावरचं तर अजिबात नको.

एक फसगत हमखास होते. लालभडक वस्त्राच्या चित्राकडे मिनिटभर टक लावून डोळे मिटले की हिरवट-निळसर आकृती तरंगते. लोक हरखतात, 'दिसायला लागलं'. तो डोळ्याच्या पडद्याचा थकवा असतो. रंग उलटा पडतो आणि काही क्षणांत विरतो, ही त्याची ओळख. ध्यानातलं रूप आठवणीतून येतं, त्याचे रंग उलटत नाहीत. म्हणून चित्राकडे सलग ५-६ श्वासच पाहा, डोळे मिटा, जेवढं आठवतं तेवढ्यावर थांबा. पुसलं की पुन्हा पाहा.

अर्ध्या तासाची विभागणी: आसन आणि संथ श्वास ३ मिनिटं, मानसपूजा (मनातल्या मनात पूजा) ५, पादादि म्हणजे पायांपासूनचं ध्यान १०, जप १०, शेवटची २ मिनिटं काहीही न करता बसून राहायचं. मानसपूजेला पाच उपचार पुरेत: गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. ते पृथ्वी, आकाश, वायू, तेज आणि अमृत या रूपांत अर्पण करायचे असतात. घाई करू नका. गंध लावताना उगाळलेल्या चंदनाचा गारवा बोटाला जाणवला पाहिजे, तरच पुढच्या ध्यानाला मन तयार होतं.

रूप हृदयात ठेवा. भुवयांच्या मध्ये ठेवायला गेलात तर नकळत डोळे वर ओढले जातात, कपाळाला ताण येतो आणि आठवडाभरात डोकं दुखायला लागतं. 'ध्यानाने डोकं दुखतं' म्हणणारे बरेचदा हेच करत असतात.

आणि काहींना मिटल्या डोळ्यांपुढे चित्र येतच नाही, कितीही केलं तरी. त्यात कमीपणा नाही. त्यांनी शिवलिंगासारखा साधा आकार घ्यावा आणि तोही दिसण्यापेक्षा 'इथे आहे' एवढ्या जाणिवेवर थांबावं. किंवा रूपाऐवजी मंत्राचा नाद धरावा.

नवमांश

पत्रिकेपुरतं लिहितो, कारण इथे अर्धवट माहितीवर बरंच चालतं. ज्योतिषाच्या जैमिनी पद्धतीत राशीतले अंश सर्वांत जास्त असलेला ग्रह आत्मकारक. नवमांशात (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत) तो ज्या राशीत पडतो ती कारकांश रास, आणि तिच्या बाराव्या स्थानातल्या ग्रहावरून देवता पाहतात. रवी असेल तर शिव, चंद्र गौरी, मंगळ स्कंद (कार्तिकेय), बुध किंवा शनी विष्णू, गुरू सांबशिव (पार्वतीसह शिव), शुक्र लक्ष्मी, राहू दुर्गा. केतूकडे शिवासोबत गणेश आणि स्कंदही येतात.

आता यात घसरायच्या जागा. आत्मकारक ठरवताना सात ग्रह घ्यायचे की राहूसकट आठ, यावर मतभेद आहेत. आठ घेतले तर राहूचे अंश ३० मधून वजा करून धरतात. दोन ग्रहांचे अंश अगदी जवळ असले की पंचांग बदलल्यावर आत्मकारकच बदलू शकतो. एक नवमांश ३ अंश २० कलांचा. ग्रहांच्या राशी मोजायचा आरंभबिंदू ठरवणाऱ्या लाहिरी आणि रमण अयनांशांत दीड अंशाच्या आसपास फरक आहे, म्हणजे काठावरचा ग्रह सहज पुढच्या-मागच्या नवमांशात जातो. चंद्र आत्मकारक असेल तर जन्मवेळही नीट हवी, कारण तो साधारण सहा तासांत नवमांश ओलांडतो. बारावं स्थान रिकामं असलं तर कोणी दृष्टी पाहतं, कोणी राशीस्वामी, आणि कोणी हे सगळं सोडून लग्नकुंडलीचं पंचम स्थान. दोन ज्योतिषांकडून दोन देवता निघतात त्या अशा.

मुळात ती सूत्रं 'रविकेतुभ्यां शिवे भक्तिः' अशी आहेत. भक्ती कुठे आहे, हे ती सांगतात. अमक्याची कर, असा हुकूम त्यांत नाही. ओढ शिवाची आणि पत्रिकेत विष्णू, असं असेल तर आधी पत्रिका पुन्हा तपासायला द्या.

टाळकरी

उपांशुंचं ४० दिवसांचं काही पटलं नाही. देवांची परीक्षा घ्यायची आणि पास झाला त्याला ठेवायचं? ज्याचं नाव आज तोंडात आहे, त्याचंच धरावं. रूपाची एवढी उस्तवारीही सगळ्यांना झेपत नाही. हरिपाठात ज्ञानोबांनी 'काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं' म्हणून ठेवलंय. नामाला आसन लागत नाही, सोवळं लागत नाही, मासिक धर्म आणि सोयरसुतकही आड येत नाही. पहाटेचा अर्धा तास हुकला म्हणून दिवस कोरडा जात नाही. चालताना पावलागणिक, भांडी घासताना, रांगेत उभं असताना नाम चालतं.

दीक्षेचं: नाममंत्राला दीक्षा लागत नाही. 'नमः शिवाय' यजुर्वेदातल्या रुद्रातलाच आहे (तैत्तिरीय संहिता, आठवा अनुवाक). ॐ लावावा की नाही यावर वाद आहेत. मनात किंतु असेल तर ॐ शिवायची पंचाक्षरीच म्हणा, काही कमी पडत नाही. दीक्षा लागते ती ह्रीं, क्लीं अशा बीजमंत्रांना आणि न्यासासह (अंगाला स्पर्श करत मंत्र स्थापून) करायच्या अनुष्ठानांना. ते नुसतं रेकॉर्डिंगवर ऐकून सुरू करू नये. उच्चार मात्र सांभाळा. वेग वाढला की विसर्ग गिळला जातो आणि 'नम शिवाय' होतं. 'नमश्शिवाय' असा जोडून म्हटलात तर विसर्ग हरवत नाही.

माळेचे नियम थोडक्यात. शिवाला रुद्राक्ष, विष्णू-विठ्ठलाला तुळस. मणी १०८, हिशेब १०० चा. वरचे ८ चुकलेल्या-गळलेल्या जपापोटी. माळ मधल्या बोटावर, ओढायची अंगठ्याने, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. गळ्यातली माळ जपाला घेत नाहीत. षडक्षरीची (ॐसह मंत्राची) एक माळ शांतपणे साडेतीन-चार मिनिटांत होते. दीड मिनिटात होत असेल तर अक्षरं खाल्ली जातायत.

उपांशु

टाळकरी, परीक्षा देवाची नाही हो, आपल्या मनाची. ज्याच्या तोंडात एकच नाव आहे त्याने ४० दिवस मोजायची गरज नाहीच, हे मान्य. पण ज्याच्या तोंडात चार आहेत त्याने काय करावं? ज्याला त्याला 'नाम घ्या' सांगितलं की तो महिन्यात चार नामं घेऊन बसतो.

मधुमालती

सगळ्यांचे आभार. श्लोक आणि चित्र वेगवेगळं असल्याचं लक्षातच आलं नव्हतं, तेच चाललं होतं! चित्रच ठेवते, श्लोक बाजूला. आणखी दोन शंका. नातं कुठलं धरायचं? शंकराला बाप म्हणावं असं आतून येत नाही, नुसतं शांत बसावंसं वाटतं. आणि पंधरा मिनिटांनी गुंगी येते, ती समाधीच्या वाटेवरची की झोपेची?

प्रत्याहार

झोपेची. ओळखायची खूण: उठल्यावर ते मधले क्षण आठवत नसतील, मान पुढे पडली असेल, माळ एकाच मण्यावर अडकलेली असेल, तर तो लय, म्हणजे चित्त झोपेत बुडणं. मांडूक्य उपनिषदावरच्या गौडपादांच्या कारिकेत (३.४४) उपाय दिला आहे: लयात गेलेल्या चित्ताला जागं करावं, विखुरलेल्याला शांत करावं. दोन्हींचे उपाय उलट आहेत, आणि लोक तिथेच गफलत करतात. गुंगी येते म्हणून आणखी डोळे मिटून खोल जायला बघतात, ती वाढते. गुंगीला डोळे उघडा, दोन माळा मोठ्याने म्हणा, लागलं तर उभं राहून. मन भटकत असेल तेव्हा उलट आवाज कमी करत न्यायचा: मोठ्याने वाचिक, मग ओठांतल्या ओठांत उपांशु, मग मनातल्या मनात मानस. मनुस्मृतीत (२.८५) मानसजप सगळ्यांत वरचा सांगितलाय म्हणून पहिल्याच दिवशी मानस सुरू करणाऱ्यांना गुंगी हमखास येते. तुमच्या दहा मिनिटांच्या जपात पहिली माळ वाचिक, दुसरी उपांशु, उरलेला वेळ मानस, असं करून पाहा. आणि पादादि ध्यान गुंगीत जात असेल तर जप आधी, ध्यान नंतर.

नात्याचं म्हणाल तर शांत हाही भावच आहे, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्याच्या पंक्तीतला. बाप, सखा, स्वामी असं ओढूनताणून आणू नका. ध्यानस्थ शिवाला शांत भाव जुळतोही चांगला. त्यात कोरडेपणा यायला लागला तर मात्र ध्यानाचा वेळ वाढवू नका, पूजा वाढवा. रोज एक लोटी पाणी, एक बेलाचं पान, हाताने. नुसत्या डोक्याने चाललेलं ध्यान हाताला काम मिळालं की सुधारतं.

टाळकरी

बेल वाहताना पान पालथं, गुळगुळीत बाजू पिंडीला आणि टोक आपल्याकडे. तीन दळं शाबूत हवीत, किडलेलं घेऊ नये. ताजा मिळाला नाही तर कालचा धुऊन वाहिला तरी चालतो, बेल शिळा होत नाही. आणि गुरुवारची आरती बंद करू नका. दत्ताच्या तीन मुखांत शंकर आहेच की.